पावसाळ्याआधीची औषधपेटी: तयार डबा घ्यावा की आपणच भरावा?

जूनच्या तोंडावर औषधांच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात प्रथमोपचाराचे प्लास्टिकचे डबे पुढच्या फळीवर येतात. ‘५० वस्तूंचा संपूर्ण संच’ असं काहीतरी वर छापलेलं असतं. झाकण उघडून मोजायला बसलं की त्या पन्नासांतल्या निम्म्या नुसत्या चिकटपट्ट्या निघतात. उरलेल्यात कापसाची गुंडाळी, दोन इंची बँडेज, धड धागाही कापणार नाही अशी कात्री, जंतुनाशकाची बोटाएवढी बाटली आणि भाजल्यावरच्या मलमाची ट्यूब. खरचटण्या-कापण्यापुरता हा डबा ठीक आहे. पण आपल्याकडे जून ते ऑक्टोबर रात्री अकराला घरात जी पळापळ होते ती खरचटल्यामुळे होत नाही. ती होते तापानं, जुलाब-उलट्यांनी, दम लागल्यानं, नाहीतर वीज गेली आणि नळाला गढूळ पाणी आलं म्हणून. त्यांतल्या एकाही गोष्टीवर या डब्यात उपाय नसतो.

तेव्हा निकाल आधीच सांगून टाकू: तयार डबा नको. कुणी भेट दिलाच तर आतलं सामान बाजूला काढून रिकामा डबा वापरावा. खरी पेटी केमिस्टकडून सुटं सामान आणून भरावी. ती महाग पडत नाही आणि त्यातलं काहीच दुर्मीळ नाही. घात होतो तो वस्तू नसल्यानं कमी आणि माप चुकल्यानं जास्त. म्हणून पुढे प्रत्येक वस्तूची पारख करताना एक गोष्ट मुद्दाम पाहिली आहे: घाईत, झोपेत, मोबाइलच्या उजेडात ती वापरताना माप कुठे चुकतं?

सुरुवात ओआरएसपासून, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून द्यायच्या मीठ-साखरेच्या पुडीपासून, कारण पेटीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त चुकीची वापरली जाणारी वस्तू हीच. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून माणसं वाचवली. ती पुडी आज केमिस्टकडे वीस-पंचवीस रुपयांत मिळते. सध्याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरसाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, असे एकूण २०.५ ग्रॅम असतात. पुडीच्या मागे हे आकडे छापलेले असतात. दुकानातच पुडी उलटी करून वाचा. चव आणि रंग घातलेल्या पुडीचं वजन थोडं जास्त भरतं, पण ही चार नावं आणि हे चार आकडे जुळले पाहिजेत.

आता माप. बाजारात दोन आकाराच्या पुड्या आहेत. साधारण २१ ग्रॅमची पुडी एका लिटरसाठी, तर चार ग्रॅमच्या आसपासची छोटी पुडी २०० मिलिलिटरसाठी. दोन्हींचं वेष्टन अनेकदा एकाच रंगाचं असतं. मोठी पुडी पेल्याभर पाण्यात ओतली की मीठ पाचपट होतं. बाळाला ते पाजलं तर रक्तातलं सोडियम वाढून झटके येऊ शकतात. उलट छोटी पुडी लिटरभर पाण्यात टाकली तर पाणी नुसतंच गोडूस लागतं आणि काम करत नाही. ‘थोडी पुडी आत्ता, थोडी रात्री’ हा तिसरा प्रकार. पुडीतले क्षार सारखे मिसळलेले राहतात याचा भरवसा नसतो, म्हणून अर्धी पुडी चमच्यानं मोजणं बाद. घरात एक-दोन माणसंच असतील आणि लिटर संपत नसेल तर २०० मिलिच्या पुड्या घ्या. मुलंबाळं असलेल्या घरात दोन्ही ठेवा, पण मोठ्या पुड्यांवर मार्करनं ठळक ‘१ लिटर’ लिहून. आणि घरातल्या ‘एका लिटरच्या’ तांब्यावर विसंबू नका, त्यात आठशेपासून बाराशेपर्यंत काहीही मावतं. बाजारच्या पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली हे सगळ्यात खात्रीचं माप. ती धुऊन पेटीजवळच ठेवा.

पाणी उकळून गार केलेलं हवं. गरम पाण्यात पुडी टाकून पुन्हा उकळायचं नाही. कालवलेलं पाणी २४ तासांनी फेकायचं. किती द्यायचं? दोन वर्षांखालच्या मुलाला दर पातळ जुलाबानंतर ५० ते १०० मिलि, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलि, त्यापुढच्यांना हवं तितकं. मूल उलटी करतं म्हणून बंद करू नका. दहा मिनिटं थांबा आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा द्या. बाटलीनं घटाघट पाजलेलं पाणी पोट परत फेकतं, चमच्यानं दिलेलं टिकतं. चार जणांच्या घराला मोठ्या सहा आणि छोट्या सहा पुड्या पुरतात. दमट हवेत पुडीला अदृश्य भोक पडलं तरी आतली पूड दगड होते. दाबून पाहिल्यावर खडे लागले किंवा रंग तपकिरी झाला असला तर तारीख शिल्लक असूनही टाकून द्या.

पुडी नसली तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा पाच मिलिचा, म्हणजे औषधाच्या मापाचा. पोहे खायचा चमचा यात चालत नाही. शीग लावून भरलेला तर अजिबात नाही.

दुकानाच्या फ्रीजमधल्या फळांच्या चवीच्या तयार डब्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. ‘ओआरएस’ ही अक्षरं नावात घालून गोड पेयं वर्षानुवर्षं विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध कित्येक वर्षं पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनं खाद्यपेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. तरी फळीवरचा डबा आपणच तपासलेला बरा, आणि त्याची युक्ती सोपी आहे. खऱ्या ओआरएसमध्ये दर १०० मिलिला ग्लुकोज १.३५ ग्रॅम असतं. डब्यामागच्या तक्त्यात दर १०० मिलिला साखर आठ-दहा ग्रॅम दिसली तर ते सरबत आहे. जुलाबात जास्त साखर आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढवते. तहानेला प्या, जुलाबाला नको.

ओआरएसच्या शेजारी झिंकची पट्टी हवीच, आणि तीच नेमकी कुठल्या तयार डब्यात नसते. २० मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायचे. आया चौथ्या दिवशी बंद करतात, कारण चव तोंडात पैसा धरल्यासारखी लागते आणि मूल थुंकतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे ओआरएस आणि झिंक दोन्ही फुकट मिळतात. पेटी भरताना आधी तिथे विचारावं.

जुलाब एकदम बांधणाऱ्या गोळ्या पेटीत नकोत. ताप किंवा जुलाबात शेंब-रक्त असताना त्या धोक्याच्या आणि लहान मुलांना तर वर्ज्यच. मागच्या आजारातल्या उरलेल्या प्रतिजैविकांच्या चार गोळ्या ‘असू देत’ म्हणून ठेवलेल्या असतात, त्याही काढा. चार गोळ्यांत कुठलाच कोर्स पुरा होत नाही.

पॅरासिटामॉल. इथे जरा थांबायला हवं, कारण माप चुकण्याची सगळ्यात वाईट जागा ही. मुलांचं हे औषध तीन ताकदींत मिळतं. थेंबांत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. साध्या सिरपमध्ये पाच मिलिला १२० किंवा १२५. जास्त ताकदीच्या सिरपमध्ये पाच मिलिला २५०. डोस ठरतो वजनावर, एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम. बारा किलोचं मूल धरा: १८० मिलिग्रॅम. म्हणजे १२०च्या सिरपचे साडेसात मिलि, २५०च्या सिरपचे साडेतीनच्या जरा वर आणि थेंबांचे पावणेदोन मिलिच्या आसपास. आता कल्पना करा, घरात सिरप संपलंय, थेंबांची बाटली सापडली आणि आजीला ‘साडेसात’ हा आकडा पाठ आहे. साडेसात मिलि थेंबांत ७५० मिलिग्रॅम औषध जातं, चौपट. लहान बाटली म्हणजे लहान बाळाचं सौम्य औषध हा समज घराघरांत आहे. प्रत्यक्षात बाळ थोडंच पितं म्हणून ते दाट केलेलं असतं, लहान बाटलीतलं औषध सगळ्यात तिखट.

म्हणून सल्ला असा: घरात एका वेळी एकाच ताकदीची बाटली. डॉक्टरांना ताकद विचारून तीच आणा आणि दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची दिली तर लेबलवरचा आकडा पुन्हा पाहा. बाटलीबरोबरच्या टोपणावरच्या रेघा दिव्याशिवाय दिसत नाहीत. त्यापेक्षा पाच मिलिची सुई नसलेली सिरिंज घ्या, पाच-दहा रुपयांत मिळते आणि मापाला कुठल्याही चमच्यापेक्षा अचूक. दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवा, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नको. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर पेटी उघडायचीच नाही, थेट डॉक्टर.

मोठ्यांच्या बाबतीत चूक निराळी होते. पेटीत पॅरासिटामॉलच्या तीन नावांच्या पट्ट्या असतात आणि चौथी सर्दीची गोळी असते, तिच्यातही पॅरासिटामॉल असतंच. ताप म्हणून एक, अंगदुखी म्हणून दुसरी, सर्दी म्हणून तिसरी, असं करत यकृतावर दिवसभरात किती भार पडला हे कुणी मोजत नाही. पट्टीवर ठळक छापलेलं असतं ते कंपनीचं नाव. त्याच्या खाली बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं, वाचायचं ते. जनऔषधी केंद्रातून घेण्याचा फायदा नुसता पैशांचा नाही, तिथल्या पट्टीवर मूळ नावच ठळक असतं, त्यामुळे एकच औषध दोनदा आणणं टळतं. ६५०च्या दिवसाला चार गोळ्या घेऊनही ताप हटत नसेल तर पाचवीचा विचार न करता दवाखाना गाठा. यकृताचा आजार असलेल्यांनी आणि रोज दारू घेणाऱ्यांनी तर आपलं माप डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

पावसाळी तापात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांना हात लावू नका. डेंगी असला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि पहिल्या दोन दिवसांत डेंगी आहे की नाही हे घरी कळत नाही. हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी मात्र ती आपल्या मनानं बंद करायची नाही, फोन करून विचारायचं. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून मनाई आहे. जुन्या पेट्यांत अजून सापडतं. खोकल्याची सिरपं लहान मुलांसाठी पेटीत ठेवूच नका. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची मुलं दूषित सिरपनं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली, त्यांतली कित्येक उपचारासाठी नागपूरला आणली होती. सिरप शुद्ध असलं तरी पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा फारसा उपयोग नसतो. कोमट पाणी द्या, वर्षावरच्या मुलाला मधाचं बोट चालतं.

आता यंत्रं. डिजिटल थर्मामीटर हवाच. शे-दीडशे-दोनशे रुपयांतला साधा, लवचिक टोकाचा पुरे. तक्रार एकच ऐकू येते: ‘दर वेळी वेगळा आकडा दाखवतो.’ दोष बहुतेक वेळा वापरण्याचा असतो. आतली चिप तापमान वाढायचं मंदावलं की शीळ देते. तोंडात ते मिनिटभरात होतं. काखेतली कातडी मात्र हात मिटल्यावर हळूहळू तापत राहते, त्यामुळे पहिल्या शीळेला काढलेला आकडा कमी भरतो. घाम पुसा, टोक काखेच्या खोल भागात टेकवा, हात छातीशी घट्ट धरा आणि शीळ वाजली तरी चार-पाच मिनिटं तसाच ठेवा. काखेचा आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा-एक अंश फॅरनहाइट कमी असतो, हे धरून चाला. १००.४ च्या पुढे ताप. सुरू केल्यावर पडद्यावर ‘एल’ दिसतं म्हणून बॅटरी गेली समजून थर्मामीटर फेकणारे आहेत. त्याचा अर्थ टोक गार आहे एवढाच. कपाळासमोर धरायची बंदूक घरासाठी घेऊ नका. पंख्याखाली बसलेल्या, घामेजलेल्या कपाळावर ती काहीही दाखवते.

ऑक्सिमीटर २०२१ साली बहुतेक घरांत आला आणि तेव्हापासून खणात पडला आहे. नवा घ्यायची घाई नको, आधी जुना उघडा. सेल आतच राहिले असतील तर स्प्रिंगवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसेल, तो सेलमधून गळलेला अल्कली. कापसाच्या काडीवर लिंबाचा एक थेंब घेऊन पुसा, कोरडं करा, नवे सेल घाला, आणि यापुढे सेल बाहेर काढून शेजारी ठेवा. बोट गार असेल, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल, हात हलत असेल तर आकडा फसवा. अर्धा-एक मिनिट थांबून स्थिर झालेला आकडा घ्या. सावळ्या त्वचेवर तो थोडा जास्तही दाखवू शकतो. ९४ किंवा खाली राहिला तर डॉक्टरांना कळवा, ९० च्या खाली असेल तर रुग्णालय. दम्याचं किंवा फुप्फुसाचं जुनं दुखणं असणाऱ्यांचा नेहमीचा आकडा आधीच विचारून लिहून ठेवा.

रक्तदाबाचं यंत्र दंडाचंच घ्या, मनगटाचं नको. आणि विकत घेण्याआधी शिंप्याच्या टेपनं दंडाचा मधला घेर मोजा. बरोबर येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो. दंड ३६चा आणि पट्टा ३२चा, तर रक्तदाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, यंत्र हजाराचं असो की पाच हजारांचं. मोठा पट्टा वेगळा मिळतो. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि तोंड बंद. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा.

औषधाचे बारीक तुषार करणारं नेब्युलायझर डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर घेऊ नका. दम्याच्या माणसासाठी इन्हेलर आणि त्याला जोडायची प्लास्टिकची नळी, म्हणजे स्पेसर, ही जोडी जास्त कामाची, कारण तिला वीज लागत नाही. एका वेळी एकच फवारा, मग स्पेसरमधून पाच-सहा सावकाश श्वास, मग दुसरा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन हवेवर वाळवायचा, फडक्यानं पुसायचा नाही. पुसल्यानं प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध फुप्फुसात जायच्या ऐवजी भिंतीला चिकटतं.

पाण्याकडे वळू. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या भागांत गुइलाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि संशयाची सुई पाण्यावर गेली, तेव्हा क्लोरीनची बाटली एकदम सगळ्यांना आठवली. दोन प्रकार मिळतात, द्रव थेंब आणि गोळ्या. थेंबांची बाटली स्वस्त, पण त्यातलं क्लोरीनचं द्रव्य, हायपोक्लोराइट, उन्हानं, उकाड्यानं आणि नुसतं पडून राहूनही विरतं. दोन वर्षांपूर्वीची बाटली म्हणजे जवळपास मीठपाणी. लहान बाटली घ्या, तयार झाल्याची तारीख पाहा, सहा महिन्यांनी बदला. गोळ्या वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून पेटीसाठी गोळ्याच बऱ्या. मात्र मापाचा सापळा इथेही आहे. एकाच नावाच्या गोळ्या एका लिटरच्या, पाच लिटरच्या, वीस लिटरच्या अशा वेगवेगळ्या येतात. वीस लिटरची गोळी हंड्यात टाकली तर पाणी तोंडात धरवत नाही. लेबल वाचून, आपल्या कॅनच्या मापाचीच घ्या.

गोळी टाकून अर्धा तास थांबा. मग वास घ्या: क्लोरीनचा पुसट वास यायला हवा. काहीच वास नसेल तर पाण्यातल्या घाणीनं क्लोरीन खाऊन टाकलं असं समजा, पुन्हा तेवढीच मात्रा द्या. गढूळ पाण्यात हेच होतं. म्हणून आधी तुरटीचा खडा फिरवून तासभर निवळू द्या, वरचं पाणी जुन्या सुती साडीच्या चार-आठ पदरांतून गाळा, मग क्लोरीन. साडी जुनीच हवी. वापरून धागे फुललेले असतात, छिद्रं बारीक होतात. नव्या कापडातून जास्त निसटतं. तुरटीनं पाणी स्वच्छ दिसतं पण जंतू मरत नाहीत.

उकळणार असाल तर खदखदा उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. ‘वीस मिनिटं उकळा’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर तीन मिनिटं लागतात आणि आपलं कळसूबाईसुद्धा १६४६ मीटरवर संपतं. एकोणीस मिनिटांचा गॅस वाचवा, विशेषतः दुसरा सिलिंडर अजून आला नसेल तेव्हा.

आरओबद्दल: वीज गेली की तो बंद, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी गोष्ट कमी लोक जाणतात. आरओमधला कोळसा नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढून टाकतो. त्यामुळे आरओचं पाणी हंड्यात भरून ठेवलं आणि ओगराळ्याऐवजी हातातला पेलाच बुडवला, तर त्या पाण्याला जंतूंपासून कसलंच संरक्षण उरत नाही. साठवायचं असेल तर तोटीचा, झाकणाचा कॅन. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर धरले तर चार जणांना तीन दिवसांसाठी वीस लिटरचे तीन कॅन होतात. वापरायच्या पाण्याचं पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून घासा. ‘कोरडा दिवस’ पाळताना बहुतेक लोक नुसतं पाणी ओततात, पण डेंगीच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात. घासणी मारलीच पाहिजे.

रोजच्या औषधांचा साठा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. साखर, रक्तदाब, थायरॉइड, फिट्स यांच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या उरल्या की पुढच्या महिन्याच्या आणायच्या, संपल्यावर नाही. नवी पट्टी मागे, जुनी पुढे. केमिस्ट कात्रीनं पट्टी कापून सहा गोळ्या देतो तेव्हा तारीख छापलेलं टोक कुणाकडे जातं ते पाहा. टोक त्याच्याकडे राहिलं तर आपल्या गोळ्यांना ना तारीख ना बॅच नंबर. शक्यतो अख्खी पट्टी घ्या आणि घरी गोळ्या छापील टोकाच्या विरुद्ध बाजूनं काढा.

इन्सुलिनवाल्यांनी वीज जाण्याचा विचार स्वतंत्रपणे करावा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडे कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला राहतं. वापरातलं साधारण ३० अंशांखाली महिनाभर चालतं, नेमके दिवस पत्रकात लिहिलेले असतात. बर्फाला ते टेकू द्यायचं नाही, गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामी. वीज नसताना मातीच्या मडक्यात मडकं, मध्ये ओली वाळू, आत प्लास्टिकच्या डबीत कुपी आणि वर ओलं फडकं, ही जुगाडाची पद्धत खरंच काम करते. फक्त ती बाष्पीभवनावर चालते. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात उत्तम, कोकणातल्या जुलैत अगदीच बेताची. तिथे थर्मासमध्ये फडक्यात गुंडाळलेला बर्फ आणि त्यापासून दूर ठेवलेली कुपी.

जखमेच्या सामानात तयार डब्यातलं थोडंच ठेवण्यासारखं असतं: चिकटपट्ट्या, निर्जंतुक गॉज, पोव्हिडोन आयोडिनचं मलम. मुरगळलेल्या घोट्याला दोन इंची पट्टी पुरत नाही, दहा सेंटिमीटर रुंद, चार मीटरची क्रेप बँडेज वेगळी घ्या. कापूस जखमेवर थेट लावायचा नाही, तंतू चिकटतात. भाजल्यावर आधी मलम नाही, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही. वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. कुत्रं-मांजर-माकड चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा, ओरखडा असला तरी.

खायच्या वस्तूंचं थोडक्यात: आजारपणाच्या चार दिवसांसाठी दोन किलो तांदूळ, किलोभर मुगाची डाळ आणि मेतकुटाची पुडी बाजूला ठेवली की पेज, मऊ भात, मुगाचं कढण निघतं. मेतकूट बरणीत काढा, पुडी उघडी राहिली की पावसाळ्यात आठ दिवसांत कुबट होतं.

पेटी न्हाणीघरात किंवा ओट्याच्या वर ठेवू नका, वाफ आणि उष्णता दोन्ही लागतात. बिस्किटांचा पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा छान. आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. डांबरगोळ्या मात्र औषधांजवळ कधीच नाहीत, मुलं त्या गोळ्या समजून खातात. जागा मुलांच्या हाताबाहेरची, आणि पूर येणाऱ्या वस्तीत वरच्या फळीवरची. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पहाटे पाणी चढलं तेव्हा तळमजल्यावरच्या खणातलं काहीच वाचलं नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. त्यावर १०८, डॉक्टरांचा नंबर, कुणाला कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते, मुलाचं वजन आणि त्या वजनाला घरातल्या बाटलीतले किती मिलिलिटर. वजन आणि मिलिलिटर पेन्सिलीनं लिहा. तीन महिन्यांनी मूल पुन्हा काट्यावर उभं केलं की दोन्ही बदलणार.